धार कुठे तुटते?

दिवाळीत आमच्या घरी पाकाची परीक्षा आई करी. उकळत्या गुळाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा. गोळी वळली की पाक झाला. पुढे नोकरीत उमेदीची काही वर्षे मी जे काम केले, ते थोडक्यात सांगायचे तर याच जातीचे. गुळाच्या जागी वितळलेले युरेनियम ऑक्साइड, वाटीच्या जागी अणुभट्टीच्या तळाचे पाणी, आणि हे सगळे संगणकाच्या पडद्यावर.

अणुभट्टी बंद केली तरी इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय थांबत नाही आणि त्याची उष्णता निघतच राहते. ती वाहून न्यायला पाणी मिळाले नाही तर गाभा वितळतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड इथे २८ मार्च १९७९ रोजी हेच झाले. सुमारे अर्धा गाभा वितळला आणि त्यातला जवळजवळ २० टन रस भट्टीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात उतरला. हे कळले कधी? १९८५ साली, आत कॅमेरा सोडल्यावर. पोलादी पात्र शाबूत होते. स्फोट झाला नव्हता.

स्फोट व्हायला काय कारण, असे वाचक विचारतील. थोडे गणित करू. हा रस पाण्याच्या सुमारे आठपट जड असतो. १ टन रसाचा एकच गोळा केला, तर त्याचा पृष्ठभाग भरतो सव्वा चौरस मीटर. त्याच रसाचे ३ मिलिमीटरचे थेंब केले तर २५० चौरस मीटर, आणि दशांश मिलिमीटरचा चुरा केला तर ७,५०० चौरस मीटर! गोळा तसाच राहिला तर आतून तापत राहील आणि तळ जाळील. मध्यम थेंब झाले तर निवून खडीसारखे पडतील. क्षणार्धात पीठ झाले, तर सगळी उष्णता एकदम पाण्यात जाऊन वाफेचा स्फोट. पाणी तारणार की मारणार, हे थेंबाच्या आकारावर ठरते. स्वीडनमधल्या काही अणुभट्ट्यांत तर पात्राखाली मुद्दाम खोल पाणी भरण्याची योजना आहे. रस पडलाच तर तो वाटेतच फुटून निवावा म्हणून.

धार तुटते का, हे नळाखाली उभे राहून पाहता येते. बारीक धारेवर पृष्ठताणामुळे फुगवटे येतात आणि तिचे मणी होतात. एका मण्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचारपट, हे लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच गणिताने काढले होते. पण २,८०० अंशांची धार पाण्यात शिरली की तिच्याभोवती वाफेचे अस्तर तयार होते. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा न आटता नाचतो, ते याच अस्तरामुळे. त्या वाफेच्या झोताने धारेच्या अंगावर लाटा उठतात आणि लाटांची टोके फाटून थेंब निघतात. इथे रॅले यांचे सूत्र पुरत नाही. म्हणून संगणक.

संगणकासाठी पाणी चौकटींत कापावे लागते. कोणत्या चौकटीत किती रस, किती पाणी, किती वाफ, याचा हिशेब क्षणाक्षणाला करायचा. आमच्या चौकटी २ मिलिमीटरच्या होत्या. रात्रभर यंत्र चालले आणि सकाळी पडद्यावर धार सुरेख फुटलेली! थेंब ४-५ मिलिमीटरचे, म्हणजे प्रयोगांत मिळतात तसेच. मी चित्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ते नीट पाहिले आणि एवढेच म्हणाले, "चौकट निम्मी करून आणा."

आणले. थेंबही निम्मे झाले होते.

म्हणजे धार निसर्गनियमाने फुटत नव्हती. पापुद्रा एका चौकटीपेक्षा पातळ झाला, की हिशेबातून तो नाहीसा होई आणि आम्ही त्याला तुटणे म्हणत होतो. चौकट बारीक करत जावे, तर तेही सोपे नाही. मीटरभर लांब-रुंद आणि ५ मीटर खोल पाण्याला अर्ध्या मिलिमीटरचे घन घातले तर ते होतात ४,००० कोटी. १९९६ मध्ये तोक्योच्या कोशिझुका आणि ओका यांनी जाळीच टाकून देऊन द्रवाचे कण मोजण्याची पद्धत मांडली. कल्पना नामी, पण कणाहून लहान थेंब तिथेही दिसत नाही.

प्रयोगांनीही सरळ उत्तर दिले नाही. इटलीत इस्प्रा इथे नव्वदीच्या दशकात दीडशे किलोच्या आसपास खरा रस पाण्यात ओतून पाहिला. थेंब काही मिलिमीटरचेच निघाले. तिथल्याच दुसऱ्या उपकरणात वितळलेल्या अॅल्युमिनाचे जोरदार स्फोट झाले, इंधनाचा रस मात्र बहुधा शांत राहिला. स्वस्त पर्यायी द्रव्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांना हा चांगलाच दणका होता.

आमच्या कामातून एक गोष्ट मात्र हाती लागली. धार किती खोल गेल्यावर संपते, तो आकडा चौकट निम्मी केल्यावरही फारसा हलला नाही. मग अहवालात आम्ही खोली संगणकाची दिली आणि थेंबाचा आकार प्रयोगांतला. रंगीत चित्राखाली एक ओळ घातली: ४ मिलिमीटरपेक्षा लहान थेंब या चित्रात शोधू नयेत. ती काढावी, चित्र बिघडते, असे एकाने सुचवले होते. साहेबांनी ती ठेवली.