गाय वासराला चाटते तेव्हा

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, मग ते जिंतूरकडचं असो की गंगाखेडकडचं, गोठ्यात लाल कंधारी गाय नुकतीच व्यालेली असेल तर लांब उभं राहून बघा. जवळ मात्र जाऊ नका, ताजी व्यालेली गाय अंगावर येते. गर्द तांबडं, ओलंचिंब वासरू खाली पडलेलं असतं आणि गाय त्याला चाटत सुटते. चाटता चाटता घशातल्या घशात हुंकारते. तिच्या खरखरीत जिभेने वासराचं अंग कोरडं होतं, रक्त खेळायला लागतं आणि ते लटपटत उभं राहायची धडपड करतं. तेवढ्यात गायीने त्याचा वास पक्का ओळखून ठेवलेला असतो. पुढे दुसऱ्याच गायीचं वासरू लुचायला आलं तर ती लाथ झाडते.

हे प्रेम आहे का? मला विचाराल तर हो, प्रेमच. का ते सांगते.

धार काढण्याआधी वासराला थोडं पाजतात, हे तुम्ही पाहिलं असेल. वासराने आचळ ओढलं की ती खबर मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जाते. मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं रसायन रक्तात उतरतं आणि कासेत पोचतं. तिथे दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती आवळणाऱ्या पेशी असतात. त्या आवळल्या की साधारण मिनिटभरात गाय पान्हा सोडते. काही गायी तर वासरू नुसतं दिसलं तरी पान्हावतात! उलट, गाय घाबरली किंवा धारेला अनोळखी माणूस बसला, तर ती दूध चोरते. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवायची जुनी रीत होती. गाय त्यालाच चाटायची आणि दूध द्यायची. ही रीत ऐकताना माझ्या पोटात कालवतं.

हे ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी. व्हिन्सेंट डू व्हिन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत बनवून दाखवली आणि १९५५ साली त्याला नोबेल मिळालं. आता खरी गंमत ऐका. गायीच्या आणि तुमच्या आईच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन तंतोतंत एकच आहे. तुम्ही तान्हे असताना आईला पान्हा फुटायचा तोसुद्धा त्यानेच.

मग प्रेम म्हणजे नुसतं एक रसायन? छे! उत्तर अमेरिकेच्या गवताळ रानात उंदरासारखे दिसणारे प्रेअरी व्होल राहतात. त्यांची नर-मादी जोडी सहसा आयुष्यभर टिकते. ही जोडी ऑक्सिटोसिनमुळेच जमते, असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं मानत होते. २०२३ साली त्यांनी असे व्होल जन्माला घातले, ज्यांच्या शरीराला ऑक्सिटोसिनचा निरोप ओळखताच येत नव्हता. तरीही त्यांनी जोड्या जमवल्या, पिल्लंही वाढवली! म्हणजे जीव लावायला शरीरात एकच वाट नाही, अनेक आहेत.

आणि आई-लेकराचं सोडा, मैत्रीचं काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करणाऱ्या कुणालाही विचारा. जोडीतला एक बैल गेला की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, असं शेतकरी सांगतात. इंग्लंडमध्ये क्रिस्टा मॅक्लेनन या संशोधिकेने हेच गायींच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिलं. कळपापासून वेगळं काढलेल्या गायीजवळ तिची नेहमीची सोबतीण ठेवली, तर ठोके शांत राहायचे. अनोळखी गाय ठेवली, तर त्यापेक्षा जास्त पडायचे.

माणूस कधीही न पाहिलेल्या पणजीवरसुद्धा गोष्टी ऐकून माया करतो. गायीचं प्रेम वासावर, स्पर्शावर, सोबतीवर चालतं. पण म्हणून ते कमी प्रतीचं आहे, असं मी मुळीच मानत नाही.

सुट्टीत आजोळी गेलात तर वही घेऊन गोठ्याबाहेर बसा. कोणती गाय कोणाला चाटते? मान चाटते की पाठ? चाटून घेणारी मान पुढे करते का? दुसऱ्या दिवशी तीच जोडी दिसते का? तारीख टाकून लिहा आणि आम्हाला पाठवा.