वाटेत थांबलेल्या पेशी

न्हाऊ घालण्यासाठी बाळाला पायांवर पालथं घेतलं, की माकडहाडाच्या वर निळसर-करडा डाग दिसतो आणि घरात उलटतपासणी सुरू होते: गरोदरपणी ग्रहणात हिने काही चिरलं-कापलं होतं का? हा आरोप साध्या हिशेबातही टिकत नाही. आपल्याकडून दिसणारी ग्रहणं वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकी. हा डाग मात्र आशियातल्या बहुसंख्य नवजात बाळांच्या पाठीवर बाराही महिने असतो. दोष विळीचा नाही. गर्भात जिथून मज्जासंस्था घडते, त्याच भागाच्या काठावर रंगपेशी जन्मतात आणि तिथून सरकत सरकत त्वचेच्या वरच्या थरापर्यंत येतात. काही वाटेतच, आतल्या थरात राहून जातात. त्यांच्यातलं मेलॅनिन तपकिरीच असतं, पण ते खोलवर असल्याने प्रकाश विखुरतो आणि डाग निळा भासतो. जपानमध्ये काम करणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी १८८५ साली त्याला ‘मंगोलियन डाग’ म्हटलं. वंशावरून पडलेलं ते नाव आता मागे पडत चाललं आहे, आणि ते बरंच झालं. बहुतेक मुलांत हा डाग काही वर्षांत आपोआप विरतो. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी मात्र जन्मानंतर त्याची नोंद करून घ्यावी, कारण ज्यांना तो ओळखीचा नाही त्यांना तो मारहाणीचा वळ वाटू शकतो.

तेव्हा डाग किती गडद, यापेक्षा पेशी कुठे थांबल्या आणि असे डाग किती, हे विचारलं पाहिजे. चहात दूध जास्त पडल्यावर येतो तशा फिक्या रंगाचे सपाट डाग बघा. एखाद-दुसरा असेल तर विसरून जावं. पण वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील, काखेत बारीक ठिपकेही असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय विकाराची शंका घ्यावी लागते. त्यात मज्जातंतूंवर गाठी येतात, काहींत डोळ्यांच्या नसेवरही. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो.

उपचारातही खोलीच निर्णायक ठरते, पण आपल्या अंदाजाच्या उलट. वरवरचा डाग सहज निघेल आणि खोलचा निघणार नाही, असं कुणालाही वाटेल. जपानी त्वचातज्ज्ञ ओता यांच्या नावाने ओळखला जाणारा, डोळ्याभोवती आणि गालावर पसरणारा निळा डाग त्वचेच्या आतल्या थरात असतो. तरीही सेकंदाच्या अब्जांशात मोजावे लागणारे लेझरचे झटके त्यातलं मेलॅनिन फोडतात, शरीर तो चुरा हळूहळू उचलून नेतं आणि बऱ्याच बैठकांनंतर चेहरा उजळतो. (डोळ्यातला दाब मात्र तपासत राहावं लागतं, काचबिंदूची शक्यता असते.) दुधाळ चहाच्या रंगाचा वरवरचा डाग लेझरने फिकटतो, पण अनेकदा परततो, कारण तिथल्या पेशींचा रंगाचा कारखाना चालूच असतो. शिवाय सावळ्या त्वचेवर लेझरचाच नवा डाग उरू शकतो.

मग जन्मजात मोठे, केसाळ, काळे तीळ सरळ कापून का टाकू नयेत? कॅन्सरची भीती दाखवून हा प्रश्न विचारला जातो, आणि भीती अगदीच निराधार नाही. जन्मजात तीळ साधारण शंभरात एका बाळाला असतो. लहान तिळात धोका अत्यल्प. मोठेपणी २० सेंटिमीटरहून रुंद होईल अशा तिळात तो काही टक्क्यांपर्यंत जातो. पण तिळातल्यासारख्याच वाट चुकलेल्या रंगपेशी मेंदूच्या आवरणातही असू शकतात, म्हणून नुसती कातडी काढून धोका शून्यावर येत नाही. असे तीळ अनेक असतील, तर पहिल्या सहा महिन्यांत मेंदूचा एमआरआय त्यामुळेच सुचवतात. शस्त्रक्रिया ठरलीच, तर शेजारच्या निरोगी कातडीखाली फुगा बसवून त्यात आठवड्या-आठवड्याने सलाइन भरतात आणि ताणून वाढलेली कातडी तिळाच्या जागी ओढून घेतात. लहान तिळासाठी एवढा खटाटोप नको. शेजारी मोजपट्टी ठेवून, तशाच उजेडात अधूनमधून फोटो काढावा. गाठ लागली, रक्त आलं किंवा आकार झपाट्याने बदलला, तर ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, पार्लरमध्ये नव्हे.