33 मिलिव्होल्टची कुजबुज

17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवरून जे विमान उडालं, त्यात खुर्ची नव्हती, चाकं नव्हती, इंजिनाचा वेग कमीजास्त करायची सोयसुद्धा नव्हती. ऑर्व्हिल राइट खालच्या पंखावर पालथा पडून ते चालवत होता. एवढ्या काटकसरीतही राइट बंधूंनी तीन वस्तूंना जागा दिली होती. एक स्टॉपवॉच, वाऱ्याचा प्रवाह मोजणारं एक यंत्र आणि इंजिनाच्या पायथ्याशी फेरे मोजणारा एक चिमुकला काउंटर. तिन्ही एकाच हालचालीत बंद व्हाव्यात अशी योजना. विमान टेकलं रे टेकलं, की किती वेळ गेला, किती हवा कापली, इंजिन किती फिरलं, सगळं जागच्या जागी गोठलेलं! ते पहिलं उड्डाण टिकलं 12 सेकंद, अंतर 120 फूट.

म्हणजे पाहा, जगातलं पहिलं विमान सायकलदुकानदारांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, आणि त्यातही इंजिनावर नजर ठेवणारं उपकरण होतं.

स्वतःच्या हातांनी विमान बांधणारी माणसं आजही आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना उभी केली. दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला तिची जत्रा भरते. ऑरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीचे सुटे भाग घेऊन लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये जोडलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर आकाशात गेली आहेत. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव अनेकांना आठवत असतील. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान पाहायला मुंबईकरांनी गर्दी केली होती.

सांगाडा उभा राहतो, पंख लागतात, इंजिन येतं, आणि मग प्रत्येक बांधणाऱ्यापुढे एक प्रश्न येतो : इंजिनावर नजर ठेवणारा मॉनिटर कोणता घ्यायचा? ऐकायला हा प्रश्न टीव्ही कोणता घ्यायचा, इतका रुक्ष वाटतो. तो तसा नाही. त्याचं उत्तर शोधताना माणूस आगीच्या पोटात जाऊन येतो.

आधी इंजिन पाहू. घरी बांधलेल्या विमानांत लायकमिंगचं ओ-360 हे इंजिन फार लाडकं. चार सिलिंडर, मिळून 5.9 लिटर, 180 अश्वशक्ती. म्हणजे एकेका सिलिंडरच्या पोटात चार-चार बुलेट मोटारसायकलींची सिलिंडरं मावतील! मिनिटाला 2700 फेरे फिरताना प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला बावीसहून जास्त वेळा भडका उडतो. बाहेर पडणारा धूर मोजला तर आकडा 700 ते 800 अंश सेल्सियसच्या घरात येतो. आता एक गोष्ट लक्षात घ्या. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं.

मग ते वितळत का नाही? कारण प्रत्येक भडका क्षणभराचा असतो, आणि बाहेरच्या पातळ पातळ धातूच्या पट्ट्यांवरून वाहणारी थंड हवा तेवढ्यात उष्णता पळवून नेते. डोक्याचं तापमान 200 अंशांच्या आसपास राहतं. 260 ही लक्ष्मणरेषा. जाणती मंडळी 200 च्या पुढेच कासावीस होऊ लागतात, कारण तिथून ॲल्युमिनियमची ताकद घसरायला लागते. वाहत्या वाऱ्याच्या भरवशावर चाललेला हा संसार आहे. त्यावर सतत लक्ष ठेवायचं तर थर्मामीटर हवा. पण कुठला? पारा 357 अंशांना उकळतो. 800 अंशांच्या धुरात घालायला काय घ्याल?

उत्तर आहे दोन तारा. बस्स, दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला एकमेकींना जोडलेल्या. बॅटरी नको, काही नको. टोक तापलं की वीज आपोआप निर्माण होते!

हा चमत्कार 1821 मध्ये बर्लिनमध्ये थॉमस झेबेक यांना दिसला. दोन धातूंचं कडं करून त्यांनी एक सांधा तापवला, आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. गंमत अशी, की झेबेक यांना ती वीज वाटलीच नाही. उष्णतेनं चुंबकत्व येतं, असंच ते म्हणत राहिले. शोध लागला, पण कशाचा ते शोधणाऱ्यालाच पटलं नाही. सुई हलवणारी ती वीजच आहे, हे इतरांनी ओळखलं.

विमानाच्या धुराच्या नळीत घालतात त्या ‘के’ प्रकारच्या जोडीतल्या दोन्ही तारा निकेलच्या मिश्रधातूंच्या असतात. तापमान एका अंशानं वाढलं की त्या साधारण 41 मायक्रोव्होल्ट जास्त देतात. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. 800 अंशांना सगळे मिळून होतात 33 मिलिव्होल्ट, घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या जेमतेम पंचेचाळिसावा हिस्सा. तिथे चार सिलिंडर गरजताहेत, बाजूला मॅग्नेटो हजारो व्होल्टच्या ठिणग्या पाडताहेत, आणि या गदारोळात मॉनिटरला ऐकायची आहे ही कुजबुज.

आणखी खोलात गेलं की आणखी मौज. या तारा तापमान सांगतच नाहीत. त्या सांगतात फरक, म्हणजे गरम टोक आणि गार टोक यांच्यातला. म्हणून मॉनिटरच्या डब्यात आणखी एक छोटा थर्मामीटर बसवलेला असतो. तो डब्याचं स्वतःचं तापमान मोजतो आणि मग बेरीज होते. एखाद्यानं तार कमी पडली म्हणून मध्येच घरातली तांब्याची वायर जोडली, तर तो प्रत्येक सांधा नवीन थर्मामीटर होऊन आपलं वेगळंच तुणतुणं वाजवू लागतो. तार वाढवायची तर त्याच जातीच्या धातूची. विमान बांधणाऱ्यांमध्ये ही चूक इतकी नेहमीची आहे, की ‘मॉनिटर बिघडला’ या तक्रारींत आधी सांधे तपासावेत.

फरक हा शब्द धरून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पूर्वी विमानात एकच तापमापक असायचा. चारांपैकी जे सिलिंडर सगळ्यात गरम असेल असं वाटायचं, त्याला तो लावायचा. चार पोरांच्या घरात एकाच्याच कपाळाला हात लावून सगळ्यांची तब्येत ठरवण्यातला हा प्रकार! चढताना एक सिलिंडर तापतं, सपाट उडताना दुसरंच. म्हणून आजचा मॉनिटर प्रत्येक सिलिंडरला दोन तारांच्या जोड्या लावतो, एक डोक्याला, एक धुराच्या नळीत. पडद्यावर चार खांब वर-खाली होत राहतात, आणि इंजिन चक्क बोलू लागतं.

काय बोलतं? एक कोडं घालतो. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यातला एक मेला, तर त्या सिलिंडरच्या धुराचं तापमान कमी होईल की वाढेल?

आग अर्धी झाली म्हणजे गारच होणार, असं वाटतं ना? उलट ते पंचवीस-पन्नास अंशांनी वाढतं. दोन्ही बाजूंनी पेटलेलं मिश्रण झटपट जळून संपतं. एकाच बाजूनं पेटलं की सावकाश जळतं, आणि जळण पुरतं संपायच्या आधीच बाहेरची झडप उघडते. चुलीतली आच भांड्याखाली न राहता बाहेर फरफटत यावी तसं. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती नळीतून वाया जाते.

उड्डाणापूर्वी वैमानिक एक मॅग्नेटो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला एक-एक प्लग, बंद करून पाहतो, तेव्हा चारही खांब एकदम उंचावतात. तीन उंचावले आणि एक कोसळला, तर आठ प्लगांपैकी नेमका कोणता मेलाय हे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं! बोनेट उघडायची गरज नाही.

आता याच्या उलट. डोकं भराभर तापतंय आणि धूर मात्र गार होतोय, असं दिसलं तर? हा प्राणघातक इशारा आहे. ठिणगीच्या आधीच आग लागतेय, उष्णता नळीकडे न जाता धातूत शिरतेय. अशा वेळी मिनिटं नसतात, काही क्षण असतात. तेवढ्यात इंजिनाचा जोर कमी करायचा.

माझा सगळ्यात आवडता किस्सा झडपेचा. धूर सोडणारी झडप मिनिटाला साडेतेराशे वेळा उघडते-मिटते, आणि ते करता करता स्वतःभोवती अगदी संथपणे फिरतही असते. समजा, तिच्या काठावर एका जागी जळकी खाच पडू लागली. तिथून गरम वायूची बारीक चिळकांडी निसटते. झडप फिरेल तशी ती चिळकांडी कधी तापमापकाच्या दिशेनं येते, कधी त्याच्यापासून दूर जाते. आलेखावर काय दिसतं? साधारण मिनिटाला एक अशी मंद लाट. उडताना डोळ्यांना ती जाणवणार नाही. पण मॉनिटर सेकंदाला एक नोंद लिहीत असेल, तर घरी येऊन आलेख उघडल्यावर ती लाट समोर येते, आणि झडप मोडून पडायच्या आधीच वैद्य बोलावता येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : ज्या मॉनिटरला नोंदवही नाही किंवा असूनही ती सहज बाहेर काढता येत नाही, तो कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

इंधनाचं मोजमाप आणखी एक जादू. इंधनाच्या नळीत एक इवलंसं चक्र असतं. पेट्रोल त्याला फिरवत पुढे जातं आणि मॉनिटर त्याच्या टिचक्या मोजतो. एका लोकप्रिय सेन्सरमध्ये लिटरमागे सुमारे 18,000 टिचक्या पडतात! ताशी 34 लिटर जळत असेल तर सेकंदाला 170. इतकं बारीक मोजमाप, पण त्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा. गेलं किती ते चोख सांगेल. टाकीत भरलं किती ते मात्र तुम्हीच सांगायचं. टाकीला भोक पडलं तर वहीला पत्ता नसतो. म्हणून टाकीतला वेगळा मापक हवाच.

मग घ्यायचा कोणता? दोन वाटा आहेत. डायनॉन किंवा गार्मिनसारखा एकच मोठा पडदा, ज्यात उंची, वेग, नकाशा आणि इंजिन सगळं एकत्र. नाहीतर ग्रँड रॅपिड्स किंवा जेपी इन्स्ट्रुमेंट्सचा वेगळा डबा, फक्त इंजिनासाठी. पडदा आधीच ठरला असेल, तर त्याच घराण्याचं इंजिन मोड्यूल घ्यावं, तारांचं जंजाळ बरंच कमी होतं. फक्त तो पडदा काळा झाला तर इंजिनाची खबर कुठून मिळणार, याचं उत्तर खरेदीआधी तयार असावं. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या मालकाला मूळ मापक काढून नवा बसवायला सरकारी मान्यता असलेलंच यंत्र लागतं. घरी बांधणारा त्या जाचातून बराच मोकळा असतो.

पडद्यावर आठवडे घालवणारी माणसं सेन्सरवर पाच मिनिटं घालवत नाहीत, हे मला फार खटकतं. तेलाच्या दाबाचा सेन्सर वजनदार असतो. तो सरळ इंजिनावर ठोकला, तर थरथरीनं त्याची पितळी मान तुटते आणि तेल वाहून जातं. तो इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पोलादी पडद्यावर, म्हणजे फायरवॉलवर बसवायचा आणि लवचीक नळीनं इंजिनाला जोडायचा. जुन्या विमानांत गरम तेलाची नळीच थेट वैमानिकाच्या गुडघ्यासमोरच्या मापकापर्यंत यायची. आता तेल पलीकडेच राहतं, अलीकडे येते फक्त तार.

आणि धुराचा आकडा 760 दिसला की घाबरायचं, 740 ला निश्चिंत व्हायचं, असं काही नसतं. धूर अखंड वाहत नाही. झडप उघडेल तेव्हाच झोत येतो, उरलेला बराच वेळ टोक गार होत असतं. दिसतो तो आकडा सरासरीचा, आणि टोक नळीत कुठे बसवलंय त्यावर तो बदलतो. म्हणून पाहायचा असतो तो फरकच : या सिलिंडरचा त्या सिलिंडरशी, आजचा कालच्याशी.

तेव्हा नळ्यांना ड्रिल लावण्यापूर्वी पट्टी घ्या, आणि चारही भोकं सिलिंडरपासून अगदी सारख्या अंतरावर पाडा. नळी महाग असते, आणि पाडलेलं भोक सरकवता येत नाही.