आठ दिवसांत गोरं करणारी डबी

पालीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय चेहऱ्यावरच्या मुरमांचा. यात काय एवढं बोलायचं, वयात आलं की येतात आणि जातात, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण माघातल्या जत्रेत आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

बल्लाळेश्वराच्या जत्रेला आम्ही दरवर्षी स्टॉल लावतो. पापड, कुरडया, पोह्याचे मिरगुंड, आगळ. यंदा एका फिरत्या विक्रेत्याने क्रीमच्या चाळीस डब्या दिल्या. मुरूम जातात, डाग जातात, आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणाला. नफा बरा होता. आम्ही एकोणतीस डब्या विकल्या आणि त्यातली एक आमच्याच गटातल्या ताईंनी बारावीतल्या लेकीसाठी घेतली.

आठ दिवसांत पोरीचा चेहरा खरंच स्वच्छ झाला. ताई खूश, आम्हीही खूश. दीड महिन्याने डबी संपली आणि चार दिवसांत चेहरा लालबुंद. उन्हात गेलं की आग, पुटकुळ्या आधीपेक्षा दुप्पट, गालावर बारीक लव. पोरगी कॉलेजला ओढणी गुंडाळून जायला लागली. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर ना घटकांची नावं, ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर. पण चेहऱ्यावरून ते म्हणाले, हे स्टिरॉइडचं काम दिसतंय.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून, ठराविक दिवस देतात. ते सूज आणि लाली झटकन दाबतं, म्हणून मुरूम गेल्यासारखे वाटतात. रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, केस वाढतात आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं. मग बाई घाबरून पुन्हा तेच लावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात हे आपण सगळ्या जाणतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव असेल तर ती मुरमांसाठी नाही. शेजारणीला खाजेवर लागू पडली म्हणून आपण तोंडाला लावायची नाही.

बिननावाच्या डबीत याहून वाईटही असू शकतं. अकोल्याच्या एका विशीतल्या मुलीने ब्युटिशियनकडून गोरं होण्याचं क्रीम घेतलं. घरात तिची आई आणि बहीणही तेच लावायच्या. तिघींच्याही मूत्रपिंडाला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. तोंडाला लावलेलं मूत्रपिंडापर्यंत पोचतं, हे आमच्यातल्या बऱ्याचजणींना तेव्हाच कळलं.

मग मुरमांवर लावायचं काय? आधी मुरूम होतो कसा ते ऐका. वयात येताना शरीरातल्या बदलांमुळे कातडीत तेल जास्त सुटतं. मेलेल्या कातडीने छिद्राचं तोंड बंद होतं, तेल आत अडकतं. तिथे जंतू वाढतात आणि लाल, पुवाची पुळी येते. याचा मळाशी संबंध नाही, म्हणून साबणाने घासघासून काही होत नाही, उलट चेहरा सोलवटतो. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुतला की पुरे. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांनी कातडी भाजते. खोबरेल तेलाबद्दल बोललं की कोकणात कुणाला पटत नाही, पण मुरूम असलेल्या चेहऱ्याला ते नको. कपाळावरच पुटकुळ्या येत असतील तर केसांचं तेल खाली उतरतंय का पाहा.

थोडे किंवा मध्यम मुरूम असतील तर बहुतेकींना गोळ्या लागत नाहीत, लावायच्या औषधावर भागतं. ॲडापलीन नावाचं जेल बंद छिद्रं मोकळी करतं. ते रात्री लावायचं. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. अडीच टक्क्यांचं पुरतं, जास्त टक्क्यांनी आगच जास्त होते. ते कापडाचा रंग घालवतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंचा नवा लाल टॉवेल ठिपक्याठिपक्यांचा झाला! क्लिंडामायसिनचं जेलही देतात, पण ते एकटं महिनोन्‌महिने लावलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. मागे काळे डाग राहत असतील तर ॲझेलेइक ॲसिडचा उपयोग होतो. ते गरोदरपणातही चालतं. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन मात्र गरोदरपणात नको. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर लाजू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

औषधापेक्षा लावण्यातच जास्त चुका होतात. जेल पुळीवर ठिपका देऊन लावायचं नसतं. चेहरा कोरडा करून, वाटाण्याएवढं घेऊन, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक रात्र आड. कोरडं वाटलं तर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. पहिले दोन-तीन आठवडे कातडी सुटते, थोडी आग होते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. बहुतेकजणी नेमक्या इथेच ट्यूब फेकतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नीट उतार पडायला तीन महिने. फोडायचे मात्र नाहीत, खड्डे त्यानेच पडतात.

ताईंच्या लेकीला डॉक्टरांनी आधी काही आठवडे फक्त साधं क्रीम दिलं, कातडी शांत झाल्यावर जेल सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात कातडी सुटली तेव्हा ताई म्हणाल्या, "हे पण तसलंच निघालं!" त्यांना समजावता समजावता आमची बैठक तासभर लांबली, कर्जाचे हप्ते राहिले बाजूला. आता पोरगी ओढणी खांद्यावर घेते. पुळ्या येतात अजून एखाददुसरी. डाग आहेत, ते सावकाश जातील.

मोठ्या दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर नुसत्या जेलवर थांबू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज वाटली तर ते त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतील. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, तिथे मुलगी मोकळेपणाने बोलू शकते.

उरलेल्या अकरा डब्या आम्ही विक्रीतून काढल्या. गावातल्या सात बायकांचे पैसे परत केले. बाकीच्या डब्या जत्रेला आलेल्या बाहेरगावच्या बायकांनी नेल्या, त्यांची नावं आमच्याकडे नाहीत. माघी जत्रेत पालीला पापडाच्या स्टॉलवरून पांढरी डबी, निळं झाकण असं क्रीम घेतलं असेल, तर ते लावणं आजच थांबवा आणि डबीसकट डॉक्टरांना दाखवा. नाव असलेली स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने वापरात असेल तर ती कशी सोडायची तेही त्यांनाच विचारा. डबीचे पैसे आम्ही परत देऊ. रिकामी असली तरी घेऊन या.