‘फॉरगिव्ह’च्या पोटात काय आहे?

मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना ‘फॉरगिव्ह’ म्हणजे क्षमा करणे, ‘फॉरगेट’ म्हणजे विसरणे, असं आपण पाठ करून घेतो आणि पुढं जातो. पण ‘गिव्ह’ म्हणजे देणं आणि ‘गेट’ म्हणजे मिळणं. मग नुसतं ‘फॉर’ जोडल्यावर अर्थ इतका कसा पालटला, असं एखाद्या चौकस मुलानं विचारलं तर?

हा ‘फॉर’ म्हणजे ‘-साठी’ नव्हे. आपल्या प्र, परा, वि यांसारखाच तो जुन्या इंग्रजीतला उपसर्ग आहे. अर्थ ‘दूर’ किंवा ‘पुरतं’. ‘फॉरबिड’ म्हणजे मनाई करणे, यातही तोच. ‘गेट’चा मूळ अर्थ हाती धरणं. ती पकड सुटली की झालं ‘फॉरगेट’! आपलं ‘विसरणं’देखील ‘वि’ आणि ‘स्मृ’ यांतूनच आलंय, पण वापरून इतकं गुळगुळीत झालंय की उपसर्ग ओळखूच येत नाही. मुलांसाठी एक खूण: ‘फोरकास्ट’मधला ‘फोर’ वेगळा. त्याचा अर्थ ‘आधी’, आणि त्याच्या स्पेलिंगात आरनंतर ई येतो.

‘फॉरगिव्ह’ची गंमत तर आणखीच. हजारएक वर्षांपूर्वी या क्रियापदाचे अर्थ होते देऊन टाकणे, कर्ज सोडणे, अपराध पोटात घालणे, आणि चक्क मुलगी लग्नात देणे! लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘पार्डन’मध्येही ‘पुरतं देणं’च आहे. त्यातला ‘डॉन’ हा आपल्या ‘दान’चाच दूरचा भाऊ.

आपली ‘क्षमा’ मात्र ‘क्षम्’ म्हणजे सोसणे यातून आली. म्हणून तर पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. बाईला लहानपणापासून शिकवतात ती हीच. ‘फॉरगिव्ह’ निराळं सांगतं. कर्जमाफी करायची तर आधी कर्ज होतं हे मान्य व्हावं लागतं. ज्याचं येणं असतं, तोच ते सोडू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणाचं बोलणं मनाला लागलं तर लगेच “जाऊ दे” म्हणून गिळू नका. “मला हे लागलं” एवढं शांतपणे सांगा आणि मग खुशाल सोडून द्या. आणि क्षमा केली तरी विसरता येत नाही, म्हणून स्वतःला दोष लावून घेऊ नका. ती क्रियापदंच दोन आहेत. एकात आपण देतो. दुसऱ्यात पकड आपोआप सुटते, तिच्या सवडीनं.