मालवाहू अवकाशयान

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकास अन्न, पाणी, इंधन, सुटे भाग व प्रयोगसाहित्य पोहोचविणारे मानवरहित यान. प्रवासी नसल्याने आसने, श्वसनाची व सुटकेची साधने यांचे वजन वाचते आणि तेवढा माल अधिक नेता येतो. स्थानकावरील पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात (आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर हे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत गेले). अन्न व इंधन मात्र पृथ्वीवरूनच न्यावे लागते.

सोव्हिएट संघाच्या सॅल्यूत–६ स्थानकास दोन जोडणीद्वारे होती. त्यामुळे अवकाशवीरांचे यान एका द्वाराशी असतानाही दुसऱ्याशी मालवाहू यान लागू शके. २० जानेवारी १९७८ रोजी सोडलेले प्रोग्रेस–१ दोन दिवसांनी तेथे आपोआप जोडले गेले. त्याने सुमारे २,३०० किग्रॅ. माल नेला. त्यातील इंधन नळ्यांवाटे स्थानकाच्या टाक्यांत भरण्यात आले. रोमानेंको व ग्रेचको यांचे ९६ दिवसांचे वास्तव्य अशा पुरवठ्यामुळे सुकर झाले. रिकाम्या यानात पुढे कचरा भरतात व ते वातावरणात जाळून टाकतात.

खरी अडचण उड्डाणापेक्षा गाठ घालण्याची असते. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालत, तेव्हा हर्णैसारख्या बंदरात आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि माल व उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. पडाव बाजूला लावण्याचे कसब तांडेलाचे असे. अवकाशात दोन्ही वस्तू सेकंदास सुमारे ७·७ किमी. वेगाने जात असतात, पण स्पर्शाच्या क्षणी त्यांच्या वेगांतील फरक सेकंदास काही सेंमी. एवढाच ठेवावा लागतो. हे काम रडार, लेसर किरण व संगणक करतात. काही याने स्थानकापासून सुमारे १० मी. अंतरावर स्थिर राहतात व स्थानकाचा यांत्रिक हात त्यांना पकडतो. २५ जून १९९७ रोजी दूरनियंत्रणाने जोडणीचा प्रयोग चालू असता प्रोग्रेस यान मीर स्थानकावर आदळले. स्पेक्ट्र कक्षाला भोक पडून हवेचा दाब घटू लागला. आत तिघे होते; दारातून गेलेल्या तारा तोडून त्यांनी तो कक्ष बंद केला, म्हणून स्थानक वाचले.

पुढे यूरोपचे एटीव्ही (२००८), जपानचे एचटीव्ही (२००९), अमेरिकेची ड्रॅगन (२०१२) व सिग्नस (२०१३) आणि चीनचे त्येनचौ (२०१७) ही याने आली. ड्रॅगन हवाई छत्र्यांनी समुद्रात उतरते, त्यामुळे नमुने पृथ्वीवर परत आणता येतात. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत सिग्नस, प्रोग्रेस व ड्रॅगन यांची एकेक फेरी वाया गेली. स्थानकात काही महिन्यांचा साठा असल्यानेच अवकाशवीरांवर परतण्याची वेळ आली नाही. एकाच यानावर विसंबू नये, हे यातून दिसून आले. नवे तंत्रही याच यानांतून जाते : त्रिमितीय मुद्रणयंत्र २०१४ मध्ये, तर फुगवून उभारावयाचा निवासकक्ष २०१६ मध्ये ड्रॅगनमधूनच गेला.

भारताजवळ अद्याप अवकाशस्थानक नाही; ते २०३५ पर्यंत उभारण्याचे नियोजन आहे. त्याची पूर्वतयारी म्हणून ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेले स्पेडेक्स मोहिमेचे सुमारे २२० किग्रॅ. वजनाचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांस जोडण्यात आले. असे करणारा भारत चौथा देश ठरला. त्याच पीएसएलव्ही अग्निबाणाचा उरलेला चौथा टप्पा प्रयोगमंच म्हणून वापरला गेला. त्यावर २४ उपकरणे होती. चवळीचे बी तेथे रुजले. मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा प्रयोग ठेवला होता. हा मंच मालवाहू यान नव्हे. त्यावरील काहीच परत आणता येत नाही, मोजमापे तेवढी रेडिओसंदेशांनी मिळतात. ४ एप्रिल २०२५ रोजी तो वातावरणात शिरला व हिंदी महासागरात पडला.