उसाचा रस नळीत नसतो

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं रिकामी होऊ लागतात. कोयत्याच्या जोड्या, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, ट्रॅक्टर-ट्रकवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ज्या उसाच्या मोळ्या ही माणसं डोक्यावर वाहतात, त्याच्या आत काय असतं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: रसाच्या नळ्या.

हा पहिला गैरसमज. एक पेर आडवं कापून उन्हात धरा. पांढरट गरात बारीक ठिपके विखुरलेले दिसतील, सालीकडे दाट आणि मध्यभागी विरळ. हे ठिपके म्हणजे नळ्यांचे जुडगे. त्यात मुळांकडून पाणी वर नेणारी जलवाहिनी आणि पानांत तयार झालेलं अन्न वाहून नेणारी रसवाहिनी असते. भोवती दृढ ऊतींचं, म्हणजे जाड भिंतीच्या पेशींचं, कठीण वेष्टण असतं. आपण पितो तो गोड रस मात्र बहुतांशी ठिपक्यांच्या मधल्या मऊ गरात साठलेला असतो. त्या गराला मूल ऊती म्हणतात. ऊती म्हणजे एकाच कामाला लागलेल्या पेशींचा समूह, आणि मूल ऊतीचं उसातलं काम कोठाराचं. तिच्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोकळी असते, तिच्यात साखर साठते. ऊस खाताना दातांत अडकतात ते धागे नळ्यांचे आणि वेष्टणाचे. चरकातून निघणाऱ्या चिपाडाचा चिवटपणाही त्यांचाच.

वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोड का नसतात, हेही यातून कळतं. शेंड्याला विभाजी ऊती असते, तिथे नव्या पेशी सतत तयार होतात. आलेली साखर तिथे वाढीवर खर्च होते, साठायला उरत नाही. बुडख्याची पेरं सगळ्यांत आधी पक्व झालेली, म्हणून तिथे साखर जास्त. जमिनीलगत तोड करा, असं शेतकरी सांगतो त्यामागे हे कारण आहे. शिवाय खोडव्याचे, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटले तर त्यांना मुळांचा आधार चांगला मिळतो.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो: तोडला की ऊस मेला, मग दोन दिवस फडात पडून राहिला तर काय बिघडलं? ऊस मरत नाही. मूल ऊतीच्या पेशी तोडीनंतरही जिवंत असतात, श्वसन करतात, आणि त्यासाठी साठवलेलीच साखर वापरतात. पेशींतली विकरं साखरेचे तुकडे करू लागतात, ते तुकडे कारखान्यात साखरेचे दाणे धरत नाहीत. त्यातच पाणी उडून वजन घटतं. ऊन जितकं कडक, तितकी ही घट वेगाने होते. मजूर पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, रात्री-अपरात्री गाड्या भरतात, त्या घाईमागे उसाची ही जिवंत पेशी आहे. त्यांच्या कष्टाची किंमत करताना हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता कापूस. ताग, अंबाडीसारखाच कापूसही झाडाचा वाख आहे, असं अनेकांना वाटतं. ताग-अंबाडीचा धागा खोडाच्या सालीतला असतो, अनेक पेशी जुळून बनलेला. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या त्वचेवरचा केस. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा तो अख्खा तंतू एकच पेशी असते. पांढरं फूल उमलतं त्याच दिवशी सरकीच्या पृष्ठभागावरच्या पेशी लांबायला लागतात, आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्या आतल्या पाण्याच्या दाबावर ताणल्या जातात. नेमका त्याच वेळी पावसाने खंड दिला तर तंतू आखूड राहतो. लांबी पूर्ण झाल्यावर आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटतं, पेशी वाळून मरते आणि पिळा पडून चपटी होते. सूत कातता येतं ते या पिळामुळे.

सीताफळाबद्दल थोडक्यात. बालाघाटच्या डोंगरातल्या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते खाताना सालीजवळ जिभेला रवाळ लागतं, तेव्हा काही लोक फळात रेव गेली किंवा औषध मारलं असं म्हणतात. ते कण दृढ ऊतीच्या अश्म पेशी असतात, जाड भिंतीच्या. पेरूतही असतात. पोटाला त्यांचा काही धोका नाही.

झाडांबाबत दोन समजुती फार पक्क्या आहेत. एक म्हणजे झाड वाढलं की खोडावर ठोकलेला खिळाही वर सरकतो. तो सरकत नाही. खोडाची उंची शेंड्याच्या विभाजी ऊतीमुळे वाढते. खाली खोड फक्त जाड होत जातं. पाच फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही पाच फुटांवरच राहतो, फक्त लाकडात बुडत जातो. ज्वारीचं तसं नाही. तिच्या पेराच्या बुडाशीही विभाजी ऊती असते, म्हणून वाऱ्याने आडवं पडलेलं ताट पेरापाशी वाकून पुन्हा डोकं वर काढतं.

दुसरी समजूत: साल म्हणजे नुसतं कवच, काढली तरी झाड जगतं. खरं तर उलटं आहे. खोडाच्या मधलं लाकूड बहुतांशी मृत पेशींचं असतं. जलवाहिनीच्या नळ्याही मेलेल्याच, तरी पानांतून पाणी उडताना पडणाऱ्या ओढीने त्यांतून पाणी वर चढतं. जिवंत रसवाहिनी मात्र सालीच्या आतल्या थरात असते. खोडाभोवती साल गोल कापली की पानांचं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. पाणी चढत असल्याने पानं काही काळ हिरवीच दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. खाली मुळं उपाशी मरतात आणि मग एके दिवशी झाड उभं वाळतं.

कुंपणासाठी कडुलिंबाला आवळलेली तार पाहा. काही वर्षांनी तारेच्या वरच्या बाजूला खोड फुगलेलं दिसतं. खाली जाऊ न शकलेलं अन्न तिथे अडकलेलं असतं. तुमच्या बांधावरच्या झाडाला अशी तार असेल, तर ती सालीत रुतण्याआधी सोडवा आणि कुंपणाला स्वतंत्र खांब रोवा.